ना मोटर, ना रिमोट! बाल्सा लाकडाचं जुन्या पद्धतीचं 'फ्री फ्लाइट' ग्लायडर कसं बनवतात?

मंडळी, ड्रोन आता लग्नाच्या मांडवावरसुद्धा घिरट्या घालताना दिसतो. बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली. पण असंही एक छोटं विमान असतं, ज्यात ना मोटर, ना बॅटरी, ना रिमोट. बारीक लाकडी काड्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेला कागद, एवढाच त्याचा संसार. ते एकदा सुटलं की त्याला वळवता येत नाही, थांबवता येत नाही आणि परतही बोलावता येत नाही.

म्हणूनच त्याला म्हणतात 'फ्री फ्लाइट', म्हणजे मुक्त उड्डाण. या विमानाला जे काही सांगायचं असतं, ते सगळं बांधतानाच सांगून ठेवावं लागतं. सरळ कसं राहायचं, कुठल्या बाजूला वळायचं आणि उतरायचं कधी, हेसुद्धा! आज बघूया हे ग्लायडर कसं तयार होतं आणि त्यातली प्रत्येक गोष्ट तशीच का असते.

'व्हिंटेज' म्हणजे नेमकं किती जुनं?

जुन्या आराखड्यांवरून विमानं बांधणाऱ्यांच्या संघटनांनी यासाठी तारखा ठरवल्या आहेत. अमेरिकेतल्या 'सोसायटी ऑफ अँटिक मॉडेलर्स'च्या नियमांत १९४२ अखेरपर्यंतचे आराखडे 'ओल्ड टायमर' मानले जातात. ब्रिटनमध्ये 'व्हिंटेज'साठी १९५० अखेरची मर्यादा रूढ आहे. विमान तुम्ही काल बांधलेलं असलं तरी चालतं, आराखडा मात्र त्या काळातला हवा.

आधी मॉडेल उडालं, मग माणूस

ब्रिटिश संशोधक जॉर्ज केली यांनी १८०४ मध्ये एका काठीवर पतंगासारखा पंख आणि मागे हलवता येणारी शेपूट लावून छोटं ग्लायडर उडवलं. पुढे पंख, मागे शेपूट ही आजच्या विमानाची मांडणी त्यात स्पष्ट दिसते.

१८७१ मध्ये फ्रान्सच्या अल्फोन्स पेनो यांनी पॅरिसच्या त्युलरी बागेत रबराच्या पिळावर चालणारं 'प्लॅनोफोर' उडवलं. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेलं. अंतर फार नव्हतं, पण ते कुणीही न सांभाळता स्वतःचा तोल राखत गेलं, हे महत्त्वाचं. पंखांची टोकं वर उचललेली आणि शेपूट पंखापेक्षा थोड्या कमी कोनात बसवलेली, हे त्याचं गुपित. आजही प्रत्येक फ्री फ्लाइट विमान याच दोन गोष्टींवर उडतं. राइट बंधूंना १८७८ मध्ये वडिलांनी आणून दिलेलं उडतं खेळणंही पेनो यांच्याच कल्पनेवर आधारलेलं होतं.

१९३० आणि १९४० च्या दशकांत हा छंद घराघरांत पोहोचला. अमेरिकेत फ्रँक झेइक यांची 'थर्मिक' ग्लायडर्स गाजली. नावापुढचा आकडा साधारण पंखांची लांबी इंचांत सांगायचा. 'थर्मिक ५०' म्हणजे ५० इंच, 'थर्मिक १००' म्हणजे तब्बल १०० इंच! ब्रिटनमध्ये कीलक्राफ्ट कंपनीच्या स्वस्त किटमधून शाळकरी मुलांनी पहिली ग्लायडर्स जोडली.

याच काळात उत्तर युरोपातून 'नॉर्डिक' किंवा 'ए-टू' हा स्पर्धेचा वर्ग पुढे आला. आज तोच 'एफ-वन-ए' नावाने जागतिक स्पर्धांत आहे. पंख आणि शेपटीचं मिळून क्षेत्रफळ ३२ ते ३४ चौरस डेसिमीटर, वजन किमान ४१० ग्रॅम आणि वर चढवण्यासाठी ५० मीटर दोरी, हे त्याचे मुख्य नियम.

लाकूड बाल्साचंच का?

बाल्साचं झाड मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. जगाला लागणारं बहुतेक बाल्सा इक्वेडोरमधून येतं. स्पॅनिशमध्ये 'बाल्सा' म्हणजे तराफा. १९४७ मध्ये थोर हेयरदाल यांनी पॅसिफिक महासागर पार केला, तो 'कॉन-टिकी' तराफा याच लाकडाच्या ओंडक्यांचा होता. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिशांच्या 'मॉस्किटो' विमानाच्या सांगाड्यातही प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा भरलेलं होतं.

मॉडेलसाठी वापरलं जाणारं बाल्सा घनमीटरला साधारण १०० ते २०० किलो भरतं. सागवान सुमारे ६५० किलो. म्हणजे तीच फळी सागाची घेतली तर वजन तिप्पट ते सहापट! तरीही वजनाच्या मानाने बाल्सा चांगलंच ताठ असतं आणि साध्या ब्लेडने कापलं जातं.

पण सगळं बाल्सा सारखं नसतं, आणि नवशिके नेमके इथेच फसतात. १ मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड अशा दोन पट्ट्या घ्या. दिसायला जुळ्या बहिणी. पण १२० किलो घनतेची पट्टी १८ ग्रॅम भरेल आणि २०० किलोची ३० ग्रॅम. म्हणून जाणकार मंडळी दुकानात डिजिटल वजनकाटा सोबत नेतात. जड आणि कडक लाकूड पंखाच्या मुख्य दांड्यांसाठी, हलकं लाकूड शेपटीसाठी अशी वाटणी करतात.

रेषाही बघायच्या असतात. ज्या पट्टीवर चमकदार ठिपक्यांची नक्षी दिसते, ती रुंदीत ताठ असते. पंखाच्या फासळ्यांसाठी ती उत्तम. जिच्यावर लांब सरळ रेषा असतात, ती सहज वाकते. गोल आकारावर गुंडाळायला ती बरी.

काय काय लागतं?

- आराखड्याची मूळ मापातली छापील प्रत. जुने आराखडे 'आऊटरझोन'सारख्या संकेतस्थळांवर मोफत मिळतात.
- टाचण्या शिरतील असा सपाट मऊ बोर्ड
- आराखड्यावर अंथरायला पारदर्शक प्लास्टिक, म्हणजे गोंद कागदाला चिकटत नाही
- धारदार ब्लेड, स्टीलची पट्टी, पॉलिश पेपर
- पांढरा लाकडी गोंद
- पंखांवर चढवायला पातळ टिश्यू कागद आणि त्यावर लावायला डोप
- नाकात भरायला शिशाचे छर्रे किंवा प्लास्टिसिन

डोप म्हणजे सेल्युलोजपासून बनवलेलं पातळ वार्निश. त्याचा वास उग्र असतो आणि ते चटकन पेट घेतं. खिडक्या उघड्या ठेवून, गॅस-दिव्यापासून लांबच काम करा. मुलं करत असतील तर मोठ्यांनी शेजारी बसावं.

पंख: सगळा खेळ इथेच

पंखात चार गोष्टी असतात: पुढची कड, मागची कड, मधला मुख्य दांडा आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या फासळ्या. फासळी वरून फुगीर असते, आणि तिच्या आकारावरच पंखाला हवेतली उचल मिळते.

सगळ्या फासळ्या एकसारख्या हव्यात. त्यासाठी प्लायवूडचे दोन साचे करतात, त्यांच्यामध्ये बाल्साच्या तुकड्यांची चळत दाबून धरतात आणि सगळी चळत एकदम घासून आकाराला आणतात. मग बोर्डवर आराखडा, त्यावर प्लास्टिक, त्यावर टाचण्यांनी कडा पक्क्या आणि मध्ये एकेक फासळी.

गोंद कमीच लावायचा. जास्त गोंद म्हणजे पक्का जोड, हा गैरसमज आहे. दोन तुकडे नीट घासून एकमेकांना बिलगले तर एक थेंब पुरतो. फट राहिली तर ती गोंदाने भरायची नाही, तुकडा नवा कापायचा. गोंद पूर्ण वाळेपर्यंत, शक्यतो रात्रभर, पंख बोर्डवरून उचलायचा नाही.

दोन्ही पंख तयार झाले की ते मध्यभागी किंचित 'व्ही' आकारात जोडतात. एक पंख सपाट ठेवायचा, दुसऱ्याच्या टोकाखाली आराखड्यात दिलेल्या उंचीचा ठोकळा ठेवायचा आणि सांध्याला प्लायवूडची पट्टी लावायची. हा कोन शोभेसाठी नसतो. विमान एका बाजूला कललं की ते त्याच बाजूला घसरू लागतं. तेव्हा खालच्या पंखाला हवा जास्त कोनात भिडते, त्याची उचल वाढते आणि विमान आपोआप सरळ होतं. रिमोटच्या विमानात जे काम बोटं करतात, ते इथे हा कोन करतो.

धड आणि शेपूट

धड साधं असतं. चार लांब काड्यांची चौकट किंवा बाल्साच्या पट्ट्यांची अरुंद पेटी. नाकाशी लाकडाचा ठोकळा आणि त्यात वजन भरायला पोकळी. पोटाखाली दोरी अडकवायला तारेचा आकडा.

पंख धडाला गोंदाने चिकटवत नाहीत, रबरबँडने बांधतात. विमान झाडाला किंवा जमिनीला आपटलं की रबर ताणलं जातं आणि पंख बाजूला सरकतो, मोडत नाही. पुन्हा बसवला की विमान तयार.

शेपूट जितकी हलकी करता येईल तितकी करायची. ती तोलबिंदूपासून लांब असते, नाक जवळ असतं. त्यामुळे शेपटीत १ ग्रॅम वाढला तर तोल साधायला नाकात कित्येक ग्रॅम भरावे लागतात.

कागद चढवताना

आधी सांगाडा बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या. कागद कडांना पातळ गोंदाने चिकटवा. मग त्यावर पाण्याचा हलका फवारा मारा. ओला कागद सैल पडतो, पण वाळताना आक्रसतो आणि तबल्याच्या पुडीसारखा ताठ होतो. मग डोपचा पातळ हात.

इथेच सगळ्यात जास्त विमानं बिघडतात. कागद आक्रसताना सांगाड्याला ओढतो. पंख मोकळा वाळू दिला तर तो पापडासारखा पिळवटतो. म्हणून कागद ओलसर असतानाच पंख बोर्डवर दाबून ठेवायचा, कडांखाली हवा खेळायला बारीक ठोकळ्या द्यायच्या आणि पूर्ण वाळू द्यायचं. बऱ्याच आराखड्यांत पंखाच्या टोकांची मागची कड दोन-तीन मिलिमीटर मुद्दाम वर उचललेली असते. वेग कमी झाल्यावर टोकं आधी दगा देऊ नयेत, यासाठी ती सोय असते. ती दोन्ही बाजूंना सारखीच हवी.

पिळवटलेला पंख घेऊन मैदानात जाऊ नका. चहाच्या वाफेवर हलका शेकून, उलट दिशेने धरून थंड होऊ दिला तर तो बऱ्याचदा सरळ होतो.

तोल साधायचा कसा?

आराखड्यावर पंखाखाली तोलाचा बिंदू दाखवलेला असतो. दोन बोटांवर विमान त्या बिंदूशी धरा आणि ते आडवं राहीपर्यंत नाकात छर्रे भरा.

जुन्या ग्लायडर्सच्या शेपटीलाही बऱ्याचदा उचल देणारा फुगीर आकार असतो. त्यामुळे त्यांचा तोलबिंदू पंखाच्या रुंदीच्या मध्याच्याही मागे असू शकतो. रिमोटची विमानं उडवणाऱ्यांना ही चूक वाटते आणि ते वजन पुढे ढकलतात. तसं करू नका, आराखड्यावर विश्वास ठेवा.

मग सकाळी, वारा पडलेला असताना, उंच गवताच्या मैदानात जा. वाऱ्याकडे तोंड करून, विमान आडवं धरून, पुढच्या जमिनीकडे बघत अलगद सोडा. फेकू नका. ते काय करतं ते बघा:

- नाक वर करून थांबतं, खाली झुकतं, पुन्हा वर येतं, म्हणजे झोके घेतं: शेपटीच्या पुढच्या कडेखाली कागदाची बारीक पट्टी सरकवा.
- सरळ जमिनीकडे झेपावतं: शेपटीच्या मागच्या कडेखाली पट्टी द्या.
- एका बाजूला गरकन वळतं: आधी पंख पिळवटलाय का ते तपासा, मगच सुकाणूला हात लावा.

एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सुधारणा कशाने झाली ते कळणारच नाही.

पतंग उडवलाय? मग पुढचं सोपं आहे

हाताने सोडून तोल जमला की पाळी दोरीची. ग्लायडरच्या पोटाखालच्या आकड्यात दोरीची कडी अडकवतात. एक जण विमान धरतो, दुसरा दोरी घेऊन वाऱ्याच्या विरुद्ध धावतो. विमान अगदी पतंगासारखं वर चढतं. डोक्यावर आलं की दोरी सैल सोडायची. कडीजवळच्या छोट्या झेंड्याच्या ओढीने कडी निसटते आणि विमान मोकळं होतं.

पतंगाची कन्नी चुकली की काय होतं, हे आपल्याला माहीत आहे. आकड्याचंही तसंच. तो तोलबिंदूच्या थोडा पुढे असतो. फार पुढे गेला तर विमान पुरेसं उंच चढत नाही. फार मागे गेला तर डावी-उजवीकडे झोकांड्या खातं आणि गोत येतो.

आता एक अडचण. दोरीवर असताना विमान सरळ जायला हवं, पण सुटल्यावर त्याने गोल घिरट्या घालायला हव्यात, नाहीतर ते वाऱ्याबरोबर भरकटेल. जुन्या कारागिरांनी यावर झकास तोड काढली. सुकाणूला एक बारीक दोरा बांधून तो आकड्याशी जोडायचा. दोरी ताणलेली असेपर्यंत सुकाणू सरळ राहतं. दोरी सुटली की छोटं रबर त्याला एका बाजूला ओढतं आणि विमान वळू लागतं. सगळा कारभार एक दोरा आणि एका रबराचा!

चांगलं उडालं, तर हरवलं!

या छंदातली खरी गंमत आणि खरं दुःख इथे आहे. वाईट बांधलेलं ग्लायडर हरवत नाही, ते पायाशीच पडतं. हरवतं ते उत्तम बांधलेलं.

हिशेब करून बघा. ५० मीटर उंचीवरून सुटलेलं ग्लायडर सेकंदाला ४० सेंटिमीटर उतरत असेल, तर शांत हवेत ते १२५ सेकंदांत, म्हणजे दोन मिनिटांच्या आसपास जमिनीवर येईल. पण उन्हाने तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे झोत वर जात असतात. यांनाच थर्मल म्हणतात. दुपारी पंख न हलवता गोल फिरत वर जाणारी घार याच झोतावर स्वार झालेली असते.

आपलं विमान सेकंदाला १ मीटरने वर जाणाऱ्या झोतात शिरलं, तर ते दर सेकंदाला ६० सेंटिमीटर वर जाईल. १० मिनिटांत ३६० मीटर आणखी उंच! तोवर ताशी १८ किलोमीटरचा साधा वारा त्याला ३ किलोमीटर दूर नेईल. खाली उभं राहून आपण फक्त बघायचं. महिनाभराची मेहनत ठिपका होते आणि मग ठिपकाही दिसेनासा होतो.

यावरचा उपाय म्हणजे 'डीथर्मलायझर'. अमेरिकेचे कार्ल गोल्डबर्ग यांच्यामुळे १९४० च्या दशकात त्याची एक सोपी पद्धत लोकप्रिय झाली. ठरलेल्या वेळी आडवी शेपूट मागून उसळून साधारण ४५ अंशांत उभी राहते. विमानाची पुढे जाण्याची ताकद संपते आणि ते पॅराशूटसारखं आडवंच खाली येतं.

वेळ मोजायला त्या काळी चक्क वात वापरत. सावकाश जळणारी सुती दोरी शेपूट दाबून धरणाऱ्या रबरात खोचायची आणि उडवण्याआधी पेटवायची. वात रबरापर्यंत पोहोचली की रबर तुटायचं आणि शेपूट उसळायची. जितकी लांब वात, तितका जास्त वेळ. जळती वात गवतात पडून आग लागू नये म्हणून ती धातूच्या नळीत विझवण्याची सोय करावी लागे. आपल्याकडे उन्हाळ्यातलं वाळलेलं गवत बघता हा प्रकार टाळलेलाच बरा. चावीचा किंवा इलेक्ट्रॉनिक छोटा टायमर हेच काम बिनधोक करतो.

स्पर्धांमध्येही याच कारणाने मोजणीला मर्यादा असते. एका फेरीत साधारण ३ मिनिटं पूर्ण केली की पूर्ण गुण. त्यापुढे विमान हवेत ठेवून काहीच मिळत नाही. म्हणून जिंकणारा फक्त जास्त वेळ उडवत नाही, तो वेळेवर खालीही आणतो.

पहिल्यांदा करणार असाल तर

- ३० ते ३६ इंचांचं, सगळ्या फासळ्या एकसारख्या असलेलं साधं ग्लायडर निवडा. १०० इंचांचं नंतर.
- बाल्सा एरोमॉडेलिंगच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतं. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवतात. ओळखीत असा कॅडेट असेल तर त्याला गाठा.
- पीक निघालेली शेतं किंवा मोठी मोकळी मैदानं बघा. मालकाला आधी विचारा. विजेच्या तारा, रस्ते आणि विमानतळांपासून लांब राहा.
- तारांवर अडकलेलं विमान काढायला जाऊ नका. ते गेलं असं समजा.
- पंखावर स्वतःचा फोन नंबर ठळक लिहा.
- पहिल्या दिवसापासून डीथर्मलायझर लावा. 'आज फक्त चाचणी आहे' म्हणणाऱ्यांचीच विमानं जातात.

बाकी बऱ्याच छंदांत चूक झाली तर वाटेत सावरून घेता येतं. इथे सुटल्यानंतर काहीच करता येत नाही. पंख सरळ आहे का, तोल बरोबर आहे का, टायमर लावलाय का, याची उत्तरं विमान स्वतःच देतं, तेही सगळ्यांसमोर! पण सगळं जमून आलं, ग्लायडर डोक्यावर दोन-चार घिरट्या घालून ठरल्या वेळी शेपूट उचलून हळूहळू समोरच्या शेतात उतरलं, की महिनाभराची सगळी मेहनत वसूल होते. मग पंख काढायचे, पुसायचे आणि दोरी गुंडाळत पुढच्या उड्डाणाची तयारी करायची.